माहेरापर्यंतचं ऊन

गच्चीवर सहा सौर पॅनेल बसवून तीन दिवस झाले होते, आणि चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सूर्य बंद पडला.

म्हणजे आकाशात तो होता. तपासनिसांनी खिडकीतून मान बाहेर काढून खात्री करून घेतली. समोरच्या इमारतीच्या काचांवर ऊन होतं, रस्त्यावर ऊन होतं, फाटकापाशी झोपलेल्या कुत्र्याच्या पोटावरसुद्धा ऊन होतं. फक्त तपासनिसांच्या मीटरवर नव्हतं. तिथे शून्य होतं, आणि ते शून्यही असं स्वच्छ आणि ठाम, की पाहणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असावं असं वाटावं.

ते जिने चढून गच्चीवर गेले. सहाव्या पॅनेलवर एक फुलाफुलांची डबल चादर निवांत पसरली होती.

"तुमच्या काचेवर छान वाळते हो," तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. त्या दुसऱ्या चादरीची जागा शोधत होत्या. "वरून ऊन, खालून ऊन. दोरीला ही सर नाही."

"काकू, एकावर सावली पडली की सहाही थांबतात. एका माळेत जोडलेली आहेत ती."

"मग माळेत जोडायची कशाला? सुटी ठेवायची."

"सुटी ठेवली तर गाडीला लागतो तेवढा विजेचा दाब मिळत नाही."

"बघा बाई," काकू चादर उचलत म्हणाल्या, "एक चादर सहा जणांना बसवते. यात दोष चादरीचा की सहा जणांचा?"

तपासनीस हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. एकतीस वर्षं त्यांनी पेट्रोल पंपांची मापं तपासली. पाच लिटरचं प्रमाणित माप घ्यायचं, पंपाखाली धरायचं, भरायचं, त्याच्या मानेवरची रेघ डोळ्यांच्या समपातळीत आणून बघायची, आणि पंप बरोबर असेल तर त्याला शिशाचं सील ठोकायचं. आख्ख्या जिल्ह्यातलं पेट्रोल त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं. एका जागी मात्र हा माणूस कमी भरला होता. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. परवान्याच्या परीक्षेत ते तीन वेळा नापास झाले होते. पहिल्या वेळी चौकात सर्वांना पुढे जाऊ देता देता शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याला डुलकी लागली. दुसऱ्या वेळी मागे घेताना खांब पडला; खांब नियमापेक्षा चार सेंटिमीटर आत रोवलेला होता, हे तपासनिसांनी तिथल्या तिथे मोजून दाखवलं, पण परीक्षा खांबाची नव्हती. तिसऱ्या वेळेबद्दल ते बोलत नाहीत.

आता वयाच्या साठीनंतर त्यांनी गाडी घेतली होती. जुनी, विजेवर चालणारी आणि स्वतःची स्वतः चालणारी. त्याला निमित्त झालं होतं मेहुण्याच्या फोनचं.

तपासनिसांच्या पत्नी, ज्यांना त्या शाळेच्या ग्रंथपाल होत्या म्हणून सगळे 'बाई' म्हणत, दीपगृहावर वाढल्या होत्या. वडील दीपगृहाचे रक्षक, त्यांच्यानंतर धाकटा भाऊ रक्षक. आता खात्याने कळवलं होतं की दिवा यापुढे सौर पॅनेलवर आपला आपण लागेल आणि आपला आपण विझेल. माणसाची गरज नाही. महिनाअखेर किल्ल्या जमा करायच्या.

"ताई," मेहुणे फोनवर म्हणाले होते, "शेवटच्या संध्याकाळी दिवा तू लाव. बाबांच्या वेळी लावायचीस तसा. येशील ना?"

बाई म्हणाल्या, "बघते."

या 'बघते'मध्ये एकशे बत्तीस किलोमीटर होते. बाईंना बस लागायची. चाळीस किलोमीटर झाले की चेहरा उतरायचा, साठ झाले की पिशवी काढावी लागायची, आणि घाटात तर विचारायलाच नको. धूर, दुसरं काही नाही, असं तपासनिसांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. आयुष्यभर त्यांच्या कपड्यांना पेट्रोलचा वास यायचा आणि बाई त्यांना आधी अंघोळ करायला लावायच्या; त्यावरून हा निष्कर्ष सरळच होता. शेवटचं माहेरी जाऊन अकरा वर्षं झाली होती. "धूर नसलेल्या गाडीतून तुला मी स्वतः नेईन," असं ते दर वर्षी म्हणायचे. बाई हसायच्या.

तर आता तशी गाडी निघाली होती. तपासनिसांनी मनाशी पक्कं केलं: तीस तारखेच्या संध्याकाळी बाई दिव्याजवळ असतील, आणि तिथवर त्यांना ऊन घेऊन जाईल. नुसतं ऊन.

हे 'नुसतं' महत्त्वाचं. इमारतीचे सचिव सरळ माणूस. ते म्हणाले, "साहेब, एवढा उपद्व्याप कशाला? खाली भिंतीत प्लग आहे. रात्रभर लावून ठेवा, सकाळी गाडी भरलेली."

"त्या प्लगमधली वीज कोळशाची आहे. धूर तोच, फक्त दुसऱ्याच्या गावात."

"दुसऱ्याच्या गावात आहे ना? मग आपल्याला काय त्याचं?"

तपासनिसांनी जुन्या पेटीतून पक्कड, तार आणि शिशाची गोळी काढली, खाली गेले, आणि आपल्या नावाच्या त्या प्लगला सील ठोकलं. एकतीस वर्षांत एवढ्या समाधानाने त्यांनी कुठलं सील ठोकलं नव्हतं.

"पेट्रोल, कोळसा, हे सगळं शिळं ऊन आहे," त्या संध्याकाळी ते बाईंना म्हणाले. "कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांवर पडलेलं. ती गाडली गेली, दबली गेली, आणि आपण ते उकरून काढून जाळतो. मी जन्मभर शिळं ऊन लिटरने मोजलं. आता ताजं मोजणार."

"मोजल्याशिवाय राहणार नाही ना पण," बाई म्हणाल्या.

ताजं ऊन मोजण्यासाठी मात्र परवानगी लागते. वीज कार्यालयात चार नंबरच्या खिडकीवर एक तरुण लिपिक बसायच्या. त्यांनी अर्ज पुढे ओढला.

"इंधन कोणतं?"

"ऊन."

"ऊन यादीत नाही. डिझेल लिहू का?"

"अहो, डिझेल नको म्हणून तर हा सगळा..."

"मग 'इतर' लिहिते. पण इतर लिहिलं की साठा कुठे केलाय ते लिहावं लागतं. आणि साठ्यापासून वस्ती किती अंतरावर आहे तेही."

तपासनिसांनी क्षणभर विचार केला आणि खरं तेच लिहिलं: पंधरा कोटी किलोमीटर.

लिपिकबाईंनी रकान्यावर बोट फिरवलं. "किमान तीस मीटर लागतं," त्या म्हणाल्या. "तुमचं भरपूर आहे. आता पुढचं. साठ्याला आग लागल्यास विझवण्याची व्यवस्था?"

इथे तपासनीस अडले. पुढ्यात प्रश्न सरळ होता आणि साठ्याला आग लागलेली होती, हेही खरं होतं. त्यांनी 'नाही' असं लिहायला पेन टेकवलं.

"नाही लिहू नका हो काका, अर्ज परत येतो. वाळूच्या दोन बादल्या लिहा. सगळे तेच लिहितात."

तेव्हापासून गच्चीच्या कोपऱ्यात वाळूने भरलेल्या दोन लाल बादल्या उभ्या आहेत. सूर्याला काही झालं तर.

गाडी आली ती सोमवारी. पांढरी, गोलसर, छपरावर एक छोटी टोपी. त्या टोपीतून तिला चारी दिशांचं दिसायचं. आवाज स्त्रीचा. "नमस्कार. मी तयार आहे," ती म्हणाली, आणि तपासनीस चालकाच्या जागेवर हात मांडीवर ठेवून बसले. आयुष्यात प्रथमच त्या जागी बसल्यावर त्यांच्यावर कोणी ओरडत नव्हतं.

पण गाडीचा स्वभाव म्हणजे घरात पहिला दिवस असलेल्या सुनेसारखा. सगळ्यांना वाट द्यायची, कोणाच्या मध्ये पडायचं नाही, शंका आली की थांबायचं. फाटकातून बाहेर पडायला पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटं लागली. सायकल आली, थांबली. मांजर आलं, थांबली. वाऱ्याने एक रिकामी पिशवी उडत आली, तर "पुढे पादचारी आहे" असं म्हणून ती पिशवी पलीकडे जाईपर्यंत थांबली. मागे भाजीवाल्याने हॉर्न वाजवला. "क्षमा असावी," गाडी म्हणाली, आणि त्याच्यासाठी बाजूला होऊन पुन्हा थांबली.

"ही तुमच्यासारखीच चालवते," काकू बाल्कनीतून म्हणाल्या.

तपासनिसांना हे लागलं. एवढं लागलं की दोन दिवस ते गाडीशी बोलले नाहीत.

त्यांचा खरा मुक्काम गच्चीवर असायचा. प्लास्टिकच्या खुर्चीत, टोपी घालून, मीटरकडे बघत. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी पहिल्या पॅनेलच्या कडेला टेकायची आणि नऊ वाजून अकरा मिनिटांनी सोडायची. ती त्यांनी खडूने आखून ठेवली होती. सावली हळूच सरकून खडूच्या रेघेवर आली की त्यांना बरं वाटायचं. एवढा मोठा सूर्य, आणि आपल्या खडूच्या रेघेला मान देतो. हे आत्ता गालावर पडतंय ते ऊन सव्वाआठ मिनिटांपूर्वी तिकडून निघालं. तेव्हा आपण चहाचा कप विसळत होतो. म्हणजे हे निघालं तेव्हा त्याला माहीतही नव्हतं की आपण इथे येऊन बसणार आहोत. असं काहीतरी मनात येत राहायचं आणि डोळे मिटायचे.

मिटल्या डोळ्यांना मग पुढचं दिसायचं. सगळ्या छपरांवर निळी काच. रस्ते शांत, इतके की माणसं एका फुटपाथवरून दुसऱ्या फुटपाथवरच्याशी साध्या आवाजात बोलतायत. गाड्या माशांसारख्या एकमेकींना न लागता सरकतायत. आणि पंप? त्यांनी तपासलेले सगळे पंप बंद. जमिनीखालच्या त्या भल्यामोठ्या टाक्या धुऊन त्यात पाणी सोडलंय, आणि झाकणातून वाकून मुलं आत मासे बघतायत. पंपांवर मात्र त्यांचं सील तसंच आहे. ते कोणीतरी जपून ठेवलंय.

"अहो काका," काकू हलवायच्या, "सूर्य गेला तिकडे. खुर्ची सरकवा, तुमचीच सावली पडलीय."

चादरींचं वेळापत्रक ठरलं: दुपारी तीननंतर, आणि फक्त दोरीवर. काकूंनी ते पाळलं, पण मोबदल्यात रोज मीटरचा आकडा विचारायला लागल्या. मग सचिव यायला लागले. "आज किती?" ही इमारतीत एकमेकांची विचारपूस झाली. कोणाच्या घरी बरं नसलं तरी आधी ऊन किती झालं ते विचारायचे. गाडीची टाकी (तपासनीस अजून टाकीच म्हणत) पन्नास टक्के झाली, साठ झाली. अठ्ठावीस तारखेला बहात्तर.

एकोणतीस तारखेला ढग आले.

कापसासारखे, आनंदी, काही घाई नसलेले ढग. दिवसभरात सहा टक्के. गाडी पूर्ण भरली तर एकशे नव्वद किलोमीटर जायची. आता होते अठ्ठ्याहत्तर टक्के. तपासनिसांनी वहीत मांडलं. एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटर होत होते. जायचं एकशे बत्तीस. मध्ये घाट.

"पुरेल," ते म्हणाले.

"पुरलं नाही तर?" बाईंनी विचारलं. बोलताना त्या बॅगेत एक जुना काळा कोट घालत होत्या. वर दिव्यापाशी वाऱ्याला लागतो म्हणून.

त्यांनी तो कोट दोनदा काढून दोनदा घडी घातली. तपासनीस बघत राहिले. मग उठले, आणि सकाळी सात वाजता सचिवांच्या दारात उभे राहिले.

"सील तोडायचंय."

"तोडा की मग."

"असं तोडता येत नाही. पंचनामा करावा लागतो. दोन साक्षीदार."

एकतीस वर्षांत त्यांनी पंचनाम्याशिवाय सील तोडलं नव्हतं आणि आता तत्त्वच मोडायचं तर निदान रीतीने मोडावं, असं त्यांना वाटत होतं. काकू आणि सचिव प्लगसमोर उभे राहिले. तपासनिसांनी लिहायला घेतलं. 'आज रोजी आम्ही खालील सही करणार असे पंच' इथवर ठीक चाललं. मग सचिव म्हणाले, इमारतीच्या दप्तरात या सीलची नोंदच नाही, नसलेल्या सीलच्या तुटण्यावर आपण सही कशी करणार. काकू म्हणाल्या, माझं नाव लिहिताना वय लिहायचं नाही. रकाना वयाचाच होता. यात पाऊण तास गेला. शेवटी काकूंचं वय 'सज्ञान' असं लिहून सगळ्यांच्या सह्या झाल्या, तपासनिसांनी पक्कड लावली, शिसं कट्कन तुटलं, त्यांनी डोळे मिटून गाडीची वायर प्लगमध्ये घातली.

आणि वीज गेली. सगळ्या इमारतीची. जिन्यातला दिवा गेला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, आणि त्यातून कोणीतरी मोठ्याने विचारलं, "आता काय झालं?"

"दुपारी तीनला येईल म्हणे," सचिव फोन ठेवत म्हणाले.

तत्त्व गेलं होतं आणि वीजही मिळाली नव्हती. तपासनिसांनी तुटलेलं शिसं उचलून खिशात टाकलं आणि गाडीत जाऊन बसले.

"गंतव्य एकशे बत्तीस किलोमीटर," गाडी म्हणाली. "चार्ज पुरेल. थोडक्यात पुरेल."

"चला," बाई म्हणाल्या.

पहिले तीस किलोमीटर स्वप्नासारखे गेले. गाडी आवाज न करता सरकत होती; शेतं, घरं, एक तळं, त्यात पडलेला ढग. तपासनीस चालकाच्या जागेवर हात मांडीवर ठेवून बाईंकडे तिरक्या नजरेने बघत होते. धूर नाही, वास नाही. काच खाली केली तर नुसती हवा. त्यांना वाटलं, आता बाई काहीतरी म्हणतील.

चाळिसाव्या किलोमीटरला बाईंनी तोंडात वेलदोडा टाकला.

"काय गं?"

"काही नाही."

पन्नासाव्याला दुसरा वेलदोडा. त्यांचा चेहरा उतरला होता. तपासनिसांनी नाक वर करून गाडीभर वास घेतला. मग पुढे बघितलं. एक ट्रक होता, दूर, ठिपक्याएवढा.

"त्या ट्रकचा धूर येतोय. मागे राहू," ते गाडीला म्हणाले.

गाडी मागे राहिली. पिशवी निघाली. गाडी थांबली, बाई जरा झाडाखाली बसल्या, पुन्हा निघाले. तपासनिसांनी काचा लावून थंड हवा सुरू केली. मग मोठ्या रस्त्यावर धूर फार म्हणून गाडीला लहान रस्त्याने न्यायला लावलं. तो नऊ किलोमीटर लांबचा निघाला. तिथे एक म्हैस बसली होती. "पुढे अडथळा आहे. मी वाट बघते," गाडी म्हणाली, आणि म्हशीला कोणतीच घाई नव्हती. दुपार तिथेच कलली. थंड हवा चालू होती. टक्के कमी होत होते. तपासनिसांना आयुष्यात पहिल्यांदा एखादं माप डोळ्यांदेखत रेघेच्या खाली जाताना दिसत होतं आणि त्यांना त्यावर शेरा मारता येत नव्हता.

घाटाच्या शेवटच्या चढाआधी, एका मोकळ्या वळणावर, गाडी हळूच कडेला झाली.

"तीन टक्के शिल्लक. पुढचा चढ सुरक्षितपणे पूर्ण होणार नाही. मी इथे थांबते. क्षमा असावी."

चढ दोन किलोमीटरचा. त्यानंतर बारा किलोमीटर उतार, थेट समुद्रापर्यंत. सूर्य अजून दीड हात वर होता. फोन केला तर गाडीच्या मदत केंद्रावरचा माणूस भला निघाला.

"साहेब, गाडीला स्वतः चालवायला डोळे आणि डोकं लागतं, त्यालाच बरीच वीज जाते. तेवढं बंद केलं आणि कोणी हाताने, सावकाश चालवली, तर माथ्यापर्यंत निघेल. उतारावर चाकं उलट वीज भरतात, पुढची काळजी नाही. गाडीत परवानाधारक चालक आहे ना?"

तपासनिसांनी फोन या कानावरून त्या कानाला नेला.

"हॅलो? परवाना आहे ना साहेब कोणाकडे?"

खाली दरीत ऊन पिवळं होत होतं. अकरा वर्षं दर वर्षी म्हटलेलं वाक्य आता या वळणावर येऊन थांबलं होतं, आणि दोन किलोमीटर पलीकडे ते खरं होणार होतं. तपासनिसांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्यांना 'नाही' म्हणता येईना. तिन्ही परीक्षा एकदम डोळ्यांपुढे आल्या, तिसरीसुद्धा.

"आहे म्हणावं," बाई म्हणाल्या.

त्यांनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यात, चष्म्याच्या फडक्याखालून, एक कार्ड काढून तपासनिसांच्या हातावर ठेवलं. फोटो बाईंचा होता. तारखा बघायची सवय असल्यामुळे तपासनिसांनी आधी तारीख बघितली. परवाना सव्वीस वर्षांपूर्वी काढलेला होता. दोनदा नूतनीकरण झालं होतं. मुदत शिल्लक होती.

"ज्या दिवशी मी पास झाले ना," बाई म्हणाल्या, "मी केक घेऊन घरी आले. तुम्ही दारातच बसला होतात. तिसऱ्यांदा नापास होऊन."

"तो केक शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाचा होता."

"असं मी सांगितलं."

तपासनिसांना तो केक आठवला. त्यांनी दोन तुकडे खाल्ले होते.

"मग सांगायचं राहूनच गेलं. आज सांगू, उद्या सांगू. शाळेची पुस्तकांची व्हॅन होती, ती दर शनिवारी मीच आणायचे. एकोणीस वर्षं."

"एकोणीस... कोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. काकूंनाही." बाईंनी ओढणी नीट केली. "आणि अहो, चालवताना मला मळमळत नाही. कधीच नाही. व्हॅन डिझेलची होती, धूर ओकायची नुसती. दुसऱ्याने चालवली की होतं मला. धुराचं काही नव्हतं त्यात."

मोठमोठे सिद्धान्त कोसळतात तेव्हा आवाज होत असावा, असा तपासनिसांचा समज होता. इथे झाला नाही. नुसता वारा होता. सहा पॅनेल, दोन बादल्या, एक सील, पंचनामा, सगळं डोळ्यांपुढून शिस्तीत निघून गेलं.

"मग अकरा वर्षं तू...? कधीही जाता आलं असतं तुला. सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नेईन म्हणायचात," बाई म्हणाल्या. "ऐकायला बरं वाटायचं."

तपासनिसांनी दार उघडलं. गाडीला पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले. बाई चालकाच्या जागेवर सरकल्या, खुर्ची पुढे ओढली, आरसा फिरवला. ही कामं त्यांनी न बघता केली.

"मानवी चालकाकडे नियंत्रण देत आहे," गाडी म्हणाली, आणि तिचा आवाज बंद झाला. छपरावरची टोपी फिरायची थांबली.

चढावर त्या एका पायाने एवढं हलकं दाबत होत्या की गाडी चालतेय की विचार करतेय ते कळू नये. दोन टक्के. एक झाड, एक दगड, एक झाड. एक टक्का. "श्वास घ्या," बाई म्हणाल्या. तपासनिसांनी तो केव्हापासून धरून ठेवला होता. मग गाडीचं नाक खाली झुकलं, आणि समोर, खालपर्यंत, समुद्र होता.

उतारावर आवाज नव्हता. वळणामागून वळण, आणि समुद्र कधी डाव्या हाताला, कधी उजव्या. बाईंचा चेहरा तजेलदार झाला होता. त्या एक कोपर खिडकीवर टेकवून वळणं घेत होत्या. तपासनिसांनी सव्वीस वर्षांत, खरं तर तेहतीस वर्षांत, ही बाई बघितलीच नव्हती. त्यांना दिपल्यासारखं झालं. मीटरवर एकाचे दोन झाले. दोनाचे तीन. पडता पडता गाडी भरत होती. त्यांनी आकडे मोजायचं सोडून दिलं.

दीपगृहाच्या फाटकात मेहुणे उभे होते. चालकाच्या बाजूने ताई उतरताना बघून त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पलीकडून उतरणाऱ्या तपासनिसांकडे.

"सांगितलंस वाटतं एकदाचं," ते ताईला म्हणाले.

"भावोजींना चहा दे आधी," ताई म्हणाली. "मी वर जाते. सूर्य टेकतोय."

दिवसा दिव्याच्या मोठ्या भिंगाभोवती पडदे लावतात. नाहीतर सूर्यच त्यातून आत शिरून आग लावायचा. संध्याकाळी आधी ते काढायचे, मग कळ फिरवायची. बाईंनी काळा कोट चढवला आणि एकेक पडदा काढला. लहानपणी काढायच्या त्याच क्रमाने, कारण हात आपोआप तिकडे जात होते. शेवटचा पडदा निघाला तेव्हा बुडता सूर्य सगळ्या काचेत होता. त्यांनी कळ फिरवली. थोडा वेळ दोन्ही उजेड एकत्र होते. मग एकच उरला आणि समुद्रावरून फिरायला लागला.

सकाळी कंत्राटदार आला. तो वैतागलेला होता. नवी पॅनेल बसली होती, पण भाराची चाचणी झाल्याशिवाय तो किल्ल्या घेणार नव्हता, आणि एका दिव्याचा भार पुरत नव्हता.

"भार पाहिजे, वीज ओढणारं आणखी काहीतरी," तो म्हणाला. "आणि रोजचा आकडा बघून सही करणारा प्रमाणित माणूस. तो मी कुठून आणू इथे?"

मेहुण्यांनी फाटकातल्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. मग भावोजींकडे पाहिलं. तपासनिसांनी खिशातून पेन काढलं.

वायर जोडली गेली. दिव्याची गरज भागून उरलेलं ऊन गाडीत जायला लागलं, बारीक धारेने. चाचणी संपेपर्यंत म्हणून मेहुण्यांनी किल्ल्यांचा जुडगा पुन्हा खिळ्याला अडकवला. तपासनीस पायरीवर वही घेऊन बसले. त्यांनी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं.

"आठ दिवस लागतील," ते म्हणाले. "परतायला पुरेल एवढं भरायला."

बाई त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. "आणि ढग आले तर?"

"तर दहा."

बाईंनी डोळ्यांवर हात धरून समुद्राच्या टोकापर्यंत नजर फिरवली. अगदी लांब, पाण्याला टेकून, ढगाचा एक पांढरा ठिपका होता.

"लहानच आहे," त्या जराशा नाराजीने म्हणाल्या.